पाकीटकाकूंची टिकली

आमच्या शेजारच्या काकूंच्या कपाळावर मधोमध एक पांढरा गोल डाग होता. अगदी टिकलीएवढा आणि टिकलीच्याच जागी. नव्याने भेटणारा माणूस आधी त्या डागाकडे बघायचा आणि मग घाईघाईने पंख्याकडे. काकूच त्याची सुटका करत. "बघा की निवांत. टिकलीनेच दिलेली टिकली आहे. घामाने पडत नाही, आरशाला चिकटवून ठेवावी लागत नाही."

डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा काकूंनी आपण सगळ्या जे करतो तेच केले. तो झाकायला जरा मोठी टिकली लावली. मग डाग वाढला, म्हणून टिकली वाढली. शेवटी त्यांचे यजमान, नाना, पेपरातून डोके वर न काढता म्हणाले, "पुढच्या महिन्यात बशी लावणार का?" तेव्हा कुठे काकू डॉक्टरांकडे गेल्या. काही टिकल्यांच्या गोंदात असे रसायन असते की त्याने कातडीचा रंग उडतो, तो परत येईलच असे नाही, तेव्हा टिकली बंद करा, असे डॉक्टरांनी सांगितले. "मी करते हो बंद," काकू म्हणाल्या, "पण बाकीच्या बायकांना कोण सांगणार?"

त्या संक्रांतीला एक गंमत झाली. गंमत म्हणायची ती काकूंमुळे, एरवी रडूच यायचे. वरच्या मजल्यावर हळदीकुंकू होते. त्या घरच्या नव्या सूनबाई करंडा घेऊन ओळीने येत होत्या. काकूंचे मोकळे कपाळ बघून त्या थबकल्या आणि हळूच पुढच्या बाईकडे वळल्या. काकूंनी त्यांचा पदर धरून त्यांना मागे ओढले. "अहो, यजमान धडधाकट आहेत. खाली टीव्हीसमोर बसलेत. टिकली तेवढी वारली." सगळ्या खो खो हसल्या. त्या सूनबाई मात्र रडल्या, आणि मग काकूंच्या कायमच्या मैत्रीण झाल्या.

काकूंची नोकरी खडकीला, दारूगोळ्याच्या कारखान्यात, कचेरीत झालेली. त्यांचा सगळा युक्तिवाद तिथून आलेला होता. "आमच्याकडे बॉम्बच्या पेटीवरसुद्धा आत काय आहे ते लिहितात. मग मी कपाळाला जे चिकटवते त्यावर का नाही?" पाकिटावर एक ओळ हवी, गोंदात काय आहे ते सांगणारी. निवृत्तीनंतर त्यांना आयुष्याकडून एवढेच हवे होते.

तोवर काकू घरात येणारे प्रत्येक पाकीट वाचू लागल्या होत्या. साबण, मसाला, नानांचा कलप, काही सुटले नाही. माझ्या लेकीचे रंगीत खेळणे त्यांनी आधी हुंगले, मग खोका वाचला आणि मगच तिच्या हातात दिले. प्लॅस्टिकच्या पिशवीतून गरम चहा आणणाऱ्याला तर त्या दारातूनच परत पाठवत. सोसायटीतली पोरे त्यांना पाकीटकाकू म्हणत आणि त्या हाकेला ओ देत. तुळशीबागेत एका दुकानदाराला त्यांनी विचारले, "ह्या गोंदात काय आहे?" तो म्हणाला, "गोंदात गोंद असतो, काकू. घ्यायची तर घ्या." काकू म्हणाल्या, "आणि डोक्यात डोकं असतं असं ऐकून होते." दोघेही पुण्याचे. प्रकरण बरोबरीत सुटले.

सरकारी कचेरीत अर्ज द्यायला त्यांना मी स्कूटरवरून नेत असे. तिथले साहेब भले गृहस्थ होते. "मॅडम, टिकली हे सौंदर्यप्रसाधन आहे की नाही, ते आधी ठरायला हवं." काकू खुर्चीत नीट बसल्या. "ठरवा ना. मी डबा आणलाय." डबा संपला, पण ठरले नाही. अर्ज पुढे गेला, पुढून आणखी पुढे गेला. माझा धीर सुटला, काकूंचा सुटला नाही. "वरून होत नसेल तर खालून करू," त्या म्हणाल्या, आणि टिकल्या बनवणाऱ्याचा हडपसरचा पत्ता त्यांनी माझ्यापुढे धरला.

छोटासा कारखाना होता, घराला लागूनच. मालक तिशीतला. तो हात जोडून म्हणाला, "काकू, आमच्या घरच्या बायकापण हीच टिकली लावत्यात. काय सुदिक होत नाय." काकू म्हणाल्या, "आईंना बोलवता?" आई आल्या. कपाळावर रुपयाएवढी लालभडक टिकली. काकूंनी त्यांना शेजारी बसवले, आपला डाग दाखवला आणि म्हणाल्या, "ताई, जरा टिकली काढता?" आईंनी लेकाकडे पाहिले, मग टिकली काढली. खाली कातडी फिकट झाली होती. "मला वाटलं, उन्हानं झालं आसंल," त्या म्हणाल्या, "म्हून मोठी लावाया लागले." काकूंनी त्यांचा हात धरला. तो मुलगा बराच वेळ आईच्या कपाळाकडे बघत राहिला. नंतर त्याने गोंद बदलला. पाकिटावर ओळही छापतो म्हणाला. पण आधीची छापील पाकिटे संपायची होती.

ओळ छापलेले पाकीट हाती पडायच्या आतच काकू गेल्या. दुपारी वामकुक्षीला आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. मला अजून त्यांचा राग येतो. थोडे थांबायला काय झाले होते?

बायकांनी त्यांना हिरवे लुगडे नेसवले. कपाळ मोकळे बरे दिसेना, म्हणून त्यांच्या भाचीने पर्समधून टिकल्यांचे पाकीट काढले. आम्ही शेजारणी एकमेकींकडे बघू लागलो. कोपऱ्यातून नानांचा आवाज आला, "थांब. वाचलंस का?"

भाचीने पाकीट त्यांच्या हातात दिले. नानांनी चष्मा लावला, पाकीट उलटे केले, खिडकीकडे धरले. पाकीट हडपसरचेच होते, नवे कोरे. मागे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. नानांनी ती मोठ्याने वाचली, अडखळत, एकेक रसायनाचे नाव घेत. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली, या वेळी काकूंकडे तोंड करून.

"लाव," ते भाचीला म्हणाले. "हिची हरकत नाही."