योगेशचं चाक, इरफानची गाडी

शिंदखेड्याच्या पुढे चेकपोस्टच्या मंडपात मी उभी होते. एकेक बाइक धुराळा उडवत यायची, मार्शल वेळ लिहून घ्यायचे, गाडी पुढे जायची. नावाजलेले रायडर आले, मागचे आले, सगळ्यात शेवटी निघालेला एक हौशी काकासुद्धा आला. माझे दोघेच आले नव्हते.

"येतील हो अक्का," मार्शल म्हणाला. "पाणी घ्या तोवर."

"पाणी नको, पोरं पाहिजेत," मी म्हटलं.

माझं जळगावात टू-व्हीलरच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. मागे वर्कशॉप. त्यातूनच ही रेसिंग टीम उभी राहिली, आणि मी मॅनेजर झाले. लोक विचारतात, बाईमाणूस रेसमध्ये काय करतं? अहो, जे घरात करते तेच. दोघांना सारखं वाढायचं, आणि तरी ते एकमेकांच्या ताटात डोकावतात ते बघत बसायचं.

इरफान मेहरूणचा. वडील लेथ मशीनवर काम करतात. योगेश असोद्याचा, घरची केळी. इरफान माझा नंबर एक, योगेश नंबर दोन. आणि इथेच सगळी गोम होती.

आमच्या क्रॉस-कंट्री रॅलीला ट्रॅक नसतो. शेतरस्ते, नाले, नदीकाठ, दगडधोंडे यातून दिवसभर पळायचं. वाटेत गाडी मोडली तर टीमच्या मेकॅनिकनं हात लावायचा नाही, असा नियम. पण दुसरा रायडर मदत करू शकतो. म्हणून टीम ऑर्डर असते. नंबर दोननं मागे राहायचं. नंबर एकचं काही मोडलं, तर थांबायचं आणि आपल्या गाडीचा पार्ट काढून द्यायचा. चाक लागलं तर चाकसुद्धा. मग स्वतः तिथेच बसून राहायचं. सांगायला सोपं आहे, पाळायला मात्र काळीज लागतं.

ही सीझनची शेवटची रॅली होती. इरफान पॉइंट्समध्ये पुढे होता. वेळेत शेवटपर्यंत पोचला की चॅम्पियन. आणि पुण्याच्या एका मोठ्या टीमनं त्याला शब्द दिला होता, चॅम्पियन झालास तर पुढच्या वर्षी आमच्याकडे ये. तिथे पगारी रायडर, चांगली गाडी, ट्रेनिंग. असा फोन आमच्याकडच्या पोरांना रोज येत नाही.

आदल्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये ऑर्डर सांगितली, तेव्हा योगेश धुमसतच होता.

"अक्का, मी याच्यापेक्षा फास्ट आहे."

"असशील. पॉइंट्स त्याचे जास्त आहेत."

"म्हणजे मी याचं सामान वाहायचं?"

"हो."

इरफानला तरी गप्प बसवतं का? "माझं चाक नीट जपून आण रे भाऊ," म्हणे.

"तुझं तोंड आधी जप," योगेश म्हणाला.

"दोघांनीही तोंडं बंद करा आणि गाड्या पुसा," मी म्हटलं. दोन्ही गाड्या मी स्वतः तपासल्या आणि घरी गेले.

तर चेकपोस्टवर मी अशी उभी, आणि वाटेतल्या नाल्याकडून एक शेतकरी मोटरसायकलवर आला. माझ्या टी-शर्टवरचं टीमचं नाव वाचून म्हणाला, "अक्का, तुमना दोन्ही पोरे नालामां बठेल शेतस. गाड्या खोलेल शेतस!"

दोन्ही पोरं नाल्यात बसलीत, गाड्या खोलल्यात. म्हणजे योगेश थांबला होता! खरं सांगते, मला भरून आलं. एवढा रुसलेला पोरगा, पण वेळेला थांबला. चाक बदलणं हा त्यांच्या डाव्या हातचा मळ. मी रस्त्याकडे डोळे लावून बसले. आता येईल, मग येईल. मार्शल घड्याळ बघायला लागला, मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. शेवटी त्यानं वही मिटली. चेकपोस्टची वेळ संपली, म्हणजे यानंतर येणारा रायडर बाद.

त्यानंतर इरफान आला. योगेशच्या चाकावर. हेल्मेट काढलं आणि खाली मातीत बसला.

"काय झालं रे?"

"बसत नव्हतं, अक्का."

"काय बसत नव्हतं?"

"चाक."

पिकअप घेऊन आम्ही योगेशला आणायला गेलो. तो बिनचाकाच्या गाडीशेजारी उभा होता. मी विचारायच्या आधीच बोलला. काल माझी तपासणी झाल्यावर त्यानं मागचं स्प्रॉकेट बदललं होतं. स्प्रॉकेट म्हणजे मागच्या चाकाला चेन ज्या दातेरी चक्रावर फिरते ते. त्यानं दोन दात जास्तीचं टाकलं. गाडीला पिकअप येतो, चढाला जोर मिळतो. नाल्याच्या चढावर इरफानला मागे टाकून दाखवायचं होतं त्याला.

इरफानची रिम त्याच नाल्यात दगडावर आपटून फुटली. योगेशनं आपलं चाक काढून दिलं. पण स्प्रॉकेट मोठं, त्यावर इरफानची चेन पुरेना. शेवटी योगेशनं आपली चेनही काढून दिली. तिच्या लॉकची बारकी पट्टी काळ्या मातीत पडली. दोघं गुडघ्यावर बसून ती शोधत राहिले, आणि वेळ गेला.

मी योगेशला फार बोलले. "त्याच्या ताटात माती कालवलीस," इतकं बोलले. इरफान शेजारीच उभा होता, गप्प. योगेश असोद्याला गेला तो गेलाच. फोन उचलेना. पुण्याच्या टीमनं दुसरा रायडर घेतला.

पुढच्या आठवड्यात नाल्यातून आणलेलं सामानाचं पोतं मी उघडलं. इरफानचं फुटकं चाक, इरफानची चेन. चेन हातात घेतली आणि थबकले. स्टँडर्ड चेनशेजारी ठेवून पाहिली. कड्या कमी होत्या. चाकावरचं स्प्रॉकेट मोजलं, दोन दात कमी! लहान स्प्रॉकेटनं सपाटीवर स्पीड वाढतो, आणि त्याला चेन आखूड लागते. म्हणजे यानंही तेच केलं होतं, उलट्या बाजूनं.

योगेशचं मोठ्या स्प्रॉकेटचं चाक इरफानच्या गाडीला अजून तसंच होतं. त्यावरची योगेशची चेन काढून मी आमची नेहमीची चेन चढवली. चाक मागेपुढे सरकवायचा अ‍ॅडजस्टर जरा पुढे घेतला. चाक आरामात बसलं.

इरफानला बोलावलं. चेन समोर धरली. "तुला कधी कळलं?"

"नाल्यातच."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलणार होतो अक्का. पण तुम्ही त्यालाच बोलायला लागलात. मग गप्प राहणं सोपं वाटलं."

मी चेन त्याच्या हातात कोंबली. "असोद्याला जा. आत्ता. एकटा."

संध्याकाळी योगेशच्या वडिलांचा, नानांचा फोन आला. "ताई, तुमचा इरफान आला. ओट्यावर चेन टाकली. आमचा योगेश कड्या मोजत बसला. मंग दोघं केळीत जाऊन जोरजोरात भांडले."

"भांडू द्या नाना."

"भांडण झालं. आता हासू राह्यले. यायले काय झालं काय?"

झालं काय, ते मी त्यांना सांगितलं नाही. ऑर्डर योगेशनं नाल्यात पाळली. पण ती आदल्याच दिवशी मोडली होती, वर्कशॉपमध्ये, दोघांनी एकमेकांकडे पाठ करून. एकानंच लबाडी केली असती, तर चाक बसलं असतं आणि इरफान आज पुण्यात असता.

तो अजून माझ्याकडेच आहे. पुण्याचा फोन पुन्हा आला नाही. आता प्रत्येक रॅलीच्या सकाळी दोघांनी एकमेकांचं चाक लावून माझ्यासमोर एक चक्कर मारायची, मगच निघायचं. परवा योगेश वैतागला. "अक्का, आता तरी आमच्यावर विश्वास ठेवा ना."

"ठेवते की," मी म्हटलं. "आधी चाक लाव."