मेंढरं बसवलेली बांधी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. लोक मला काटेकोर शेतीतला जाणकार म्हणतात, शाल घालतात — आणि मी ती घालून घेतो.

आमच्या भात संशोधन केंद्रावर हेमलता रुजू झाली तेव्हा माझी बारा वर्षं भरली होती. मी सगळ्या गावाला खताचं एकच माप सांगायचो; ती म्हणाली, प्रत्येक बांधीची, भाताच्या प्रत्येक तुकड्याची, भूक वेगळी असते. जीपीएसचं यंत्र घेऊन ती सडक अर्जुनीकडच्या धुऱ्यांवरून, शेतांच्या बांधांवरून हिंडायची, बांधीबांधीतली माती तपासून रंगीत नकाशे काढायची. साहेब ते नकाशे पाहुण्यांना दाखवायचे आणि मला म्हणायचे, जरा शिका तिच्याकडून. मी हसायचो. आतून मात्र — काय सांगू — जळून खाक व्हायचो. दाराशी तिची चप्पल दिसली तरी माझा दिवस नासायचा.

तिचा मोठा प्रयोग दौलतभाऊंच्या शेतावर होता. माती तपासून झाली, नकाशा झाला, आणि मग उन्हाळ्यात त्यांनी दरवर्षीच्या रिवाजाने बोडीखालच्या, म्हणजे छोट्या तळ्याखालच्या, एका बांधीत धनगराचा कळप बसवला. आठवडाभर मेंढरं बसली की लेंड्यांनीच जमीन पोसते. रोवणीआधी ते मला बसस्टँडवर भेटले.

"मॅडमले सांगजा सायेब, बोडीखालच्या बांधीत यंदा मेंढरं बसवली. तिथं खत कमी टाका म्हणा."

सांगतो म्हणालो. ऑफिसात ती समोरच बसली होती, त्याच बांधीच्या युरियाचा हिशेब मांडत. तोंड उघडायला कितीसा वेळ लागला असता? मी पंखा आवाज करतोय असं काहीतरी बोललो आणि बाहेर पडलो.

आमचीच माणसं खत टाकून आली. मॅडमनं ऐकूनच ठरवलं असेल, असं दौलतभाऊंना वाटलं. दुहेरी खतानं धान माजला, आणि लोंब्या भरताना लोळला. शेतकरी मेळाव्याच्या दिवशी साहेब-पाहुण्यांदेखत नेमकी तीच बांधी आडवी. कुणीतरी म्हणालं, यंत्राला विचारा आता. सगळे हसले. मीही हसलो — आणि खरं सांगू? बरं वाटलं.

मेंढरांचं कळल्यावर ती दौलतभाऊंना एक शब्द बोलली नाही. मला म्हणाली, "सर, मीच विचारायला हवं होतं."

दौलतभाऊ शेजारीच उभे होते. ती गेल्यावर म्हणाले, "काऊन सायेब, सांगतले नाही?"

"विसरलो," मी म्हणालो.

प्रकल्प माझ्याकडे आला. तिला बियाण्याच्या गोदामावर पाठवलं. दोन वर्षांनी तिनं नोकरी सोडली. तिचेच नकाशे पुढे नेत मी मोठा झालो.

प्रशिक्षणात आता मी पहिला नियम सांगतो — खताचं माप ठरवण्याआधी शेतकऱ्याला विचारा, इथे मेंढरं बसवली होती का? नवे अधिकारी तो वहीत उतरवतात आणि खाली माझं नाव लिहितात.

मी विसरलो नव्हतो.