म्हशीपाशी बोललेलं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मिरचीची देठं मोडणं. वर्षाची चटणी करायची होती. सोप्यात पोतं उपडं केलेलं, त्याच्या एका अंगाला बायको, दुसऱ्या अंगाला मी. तिचा हात थांबत नव्हता. मी चार मिरच्या मोडायचो, बोटं धोतराला पुसायचो आणि कागद उचलून माझी नवी गोष्ट तिला पुढं वाचून दाखवायचो.

गोष्टीत एक बाई नवऱ्याशी भांडते. तिच्या तोंडी मी घातलं होतं, "तुम्ही माझं मन कधी ओळखलंच नाही. माझं सारं आयुष्य या उंबऱ्याच्या आत विरून गेलं." मला वाटलं, आता हिच्या डोळ्यांत पाणी येणार. आलंही, पण ते मिरचीच्या खकाण्यानं.

"ही बाई जेवलीया का?" तिनं विचारलं.

"आँ?"

"भांडाय लागली तवा जेवलीवती, का उपाशी होती?"

"ते मला काय म्हाईत? गोष्टीत जेवणाचं कुठं आलंय?"

"मग भांडतीया कशाच्या जिवावर? उपाशी बाई एवढं लांबड लावत न्हाई, आन् जेवलेली बाई भांडी घासाय जाती. अवो, असं कोण बोलतंय व्हय? ही बाई न्हवंच. तुम्हीच लुगडं नेसून बसलाय तितं."

मी चिडलो. "एवढं कळतंय तर तूच लिही की!"

"मी कशाला लिवू? माझी म्हस हाय की ऐकाय," असं म्हणून ती हसली आणि नवी मूठ भरून घेतली.

त्याच दिवशी दिवेलागणीला धार काढून दुधाची बादली घेऊन आली, पायरीवर टेकली आणि म्हणाली, "जरा छातीत धरल्यावानी होतंय." शेजाऱ्याची गाडी दारात येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मी सातवी शिकलेला माणूस. कोल्हापूरला लागूनच आमचा गोठा आणि चार खोल्या. उभा जन्म शेण काढलं आणि शहरात दूध घातलं. म्हातारपणी गुडघे धरले, दुधाचं काम पोराकडं गेलं, एक म्हैस तेवढी तिच्यासाठी ठेवली आणि मी लिहायला बसलो. गोष्टी दिवाळी अंकांना पाठवायचो, त्या परत यायच्या. एका संपादकानं भल्या मनानं फोन केला. म्हणाला, "आजोबा, तुमच्याकडं गोष्ट आहे, पण तुमची सगळी माणसं एकाच तोंडानं बोलतात." मी फोनवर त्याच्याशी वाद घातला. पण तो बोलला ते खरं होतं. बाप्या असो, बाई असो, पोर असो, तोंड माझंच.

ती गेल्यावर मला एकाच गोष्टीची धास्ती बसली, ती म्हणजे तिचा आवाज जाईल. भिंतीवर फोटो आहे, पण तो गप्प. फोनवर बोलायची तर तिला सवयच नव्हती. "हं, बोला," म्हणायची आणि पोराच्या हातात द्यायची. म्हणजे आता ती कागदावर बोलती झाली तर राहणार, नाही तर माझ्याबरोबर संपणार. म्हणून मी तिच्यावर गोष्ट लिहिली. त्यात ती शेवटच्या घटकेला माझा हात धरून, "स्वतःला जपा, माझी आठवण काढून रडू नका," वगैरे बोलते. लिहिताना मीच रडलो, तेव्हा वाटलं, जमली.

वर्षश्राद्धाला तिची धाकटी बहीण नेसरीहून आली. तिला ती गोष्ट वाचून दाखवली. पदर तोंडाला लावून तिनं सगळी ऐकून घेतली आणि मग म्हणाली, "ब्येस लिवलंय की दाजी. पर ही बाई कोण वो?"

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. पण ही सख्खी बहीण. कागद फाडले आणि पहिल्यापासून विचार केला, की बाबा, ही बाई बोलायची तरी कशी?

तर ती मला सरळ काही सांगायचीच नाही. लग्न होऊन आली तेव्हा घरात सासू, चुलत सासवा, सासरा. त्यांच्यादेखत नवऱ्याशी बोलायचं म्हणजे फाजीलपणा. मग ती म्हशीला सांगायची. तिच्या माहेराकडं आईला अव्वा म्हणतात, तर ही दावणीच्या म्हशीला अव्वा म्हणायची. "अव्वा, चहापत्ती संपली म्हणून सांग कुणालातरी." कुणीतरी म्हणजे मी. भिंतीपलीकडं दाताला राखुंडी लावत उभा असायचो. मग मी कुत्र्याला सांगायचो, "आणतो म्हणावं तिला." म्हातारी माणसं एकेक करून गेली, म्हशी किती बदलल्या, पण ही रीत राहिली. घरात थोरलं कुणी उरलं नाही तरी माझ्यावरचा राग, पोराची काळजी, गुडघ्याची कळ, सगळं धारेच्या वेळी म्हशीच्या कानात. आणि माझे कान भिंतीला.

म्हणून आता छातीठोक सांगतो. माणूस मनातलं ज्याला सांगायचं त्याला सांगत नाही, बाजूला उभा असतो त्याला सांगतो. आणि आत जेवढं मोठं काही असतं, तेवढं तोंडातून बारकं येतं. माझ्या एका गोष्टीत बाप पोराला कामासाठी परगावी धाडतो. आधी मी त्याला पानभर बोलायला लावलं होतं. सगळं खोडलं. आता तो एसटीच्या दारात उभा राहून कंडक्टरला म्हणतो, "पावणं, ह्याला खिडकीची जागा बघा. ह्याला गाडीत वकारी हुती." बस्स. पोराकडं बघतसुद्धा नाही. ती गोष्ट त्याच संपादकानं घेतली आणि एक शब्द बदलला नाही. नवं माणूस गोष्टीत आणलं की मी आधी बघतो, हे जेवलंय का, आणि ह्याचं ऐकायला जवळपास कोण आहे. ते कळलं की पुढचं ते आपल्या आपण बोलतं, आपण फक्त लिहून घ्यायचं.

मेहुणीच्या बोलण्यानं माझे डोळे उघडले असं मी लोकांना सांगतो. पण हे मी त्याच्या कितीतरी आधी एकदा करून बसलो होतो. गोष्टीत ते कधी घातलं नाही, लाज वाटायची. आता जसं झालं तसं लिहितो.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोप्यात पै-पाहुणे बसले होते. मिरच्या कुणीतरी पोत्यात भरून कोपऱ्यात सारल्या होत्या. गोठ्यात म्हैस हंबरत होती, कास तटतटलेली. ती माझ्या बायकोच्याच हाताची, दुसऱ्या कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. पोरगा गेला, लाथ खाऊन आला. मग मी बादली घेऊन उठलो. आंबोण पुढं ठेवलं, तोंड लावीना. दोरीवर तिचं रोजच्यातलं लुगडं वाळत होतं, ते घेतलं आणि डोक्यावरून अंगाभोवती गुंडाळलं. जुनी माणसं असं करतात. म्हशीनं वास घेतला, पाय आपटायची थांबली. मी खाली बसलो, कासेला हात घातला. उभी राहिली, पण पान्हा सोडेना.

म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवून बसलो आणि आदल्या सकाळी भिंतीपलीकडून ऐकलेलं माझ्या तोंडून आलं. तिच्याच चालीत, हळू.

"अव्वा, सोड गं बाई. तुझं मालक अजून उठल्यालं न्हाईत. रात रात कागदं चिवडत्यात आन् सकाळी घोरत्यात. म्हातारपणी साळंत जात्यात, सांगाय गेलं तर आपल्यालाच डोळं वटारत्यात. ऱ्हाऊ दे. चटणीला खडं मीठ आणाय पायजे, तेवढं सांग त्यास्नी."

बादलीच्या बुडावर पहिली धार वाजली.

सगळी धार काढली. दूध आत नेऊन झाकून ठेवलं, लुगडं झटकून होतं तसं दोरीवर टाकलं आणि पाहुण्यांच्या मधनं वाट काढत मीठ आणायला गेलो.