लिलाबाईने न पुरलेली वार

लिलाबाई आमच्या गावची सुईण. गाव मंगरूळपीरच्या अलीकडचं; त्यातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली, मीसुद्धा. तिच्या तोंडाला लगाम नव्हता आणि तिचं बोलणं गाव खरं मानत असे. घात तिथेच झाला.

चौऱ्याहत्तर साली नानीबाईची सून रुपाबाई दुसऱ्यांदा गरोदर होती. पहिलं मूल मूठभर जन्मून दोन दिवसांत गेलेलं. सहाव्या महिन्यात तिचे पाय सुजले, तोंडही सुजलं, पोट मात्र वाढेना. लिलाबाईने चार बायांसमोर निकाल दिला, "खाल्लेलं सारं हिच्याच अंगाले लागून राह्यलं, लेकराले काईच जात नाई. अर्ध्या भाकरीवर ठेवा हिले."

आठव्या महिन्यात पोरगी झाली. ती रडलीच नाही. रुपाबाईच्या नवऱ्याने, गोविंदसिंगने, तिथेच सांगून टाकलं, "लेकराचं खाणारी बायको मले नको. उठती-बसती झाली का माहेरी सोडतो."

बाळामागून पडलेली वार पुरायला नेताना लिलाबाईने ती सवयीने दाबून पाहिली. लहान, घट्ट, मधे वाळूसारखी कचकच. पहिल्या खेपेलाही हाताला असंच लागलं होतं. तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने वार पुरली नाही. डब्यात मीठ घालून एसटीने मंगरूळपीरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली.

बाईंनी ती चिरून दाखवली. "या रक्ताच्या नळ्या बघा. भिंती जाड झाल्यात, आतली वाट बुजलीय. बाळाला रक्तच पोचलं नाही. आणि ती सूज म्हणजे आजार. यात तिचा काय दोष?"

लिलाबाई थेट नानीबाईच्या ओट्यावर गेली नि सगळं सांगितलं. नानीबाईने त्यातलं एकच ऐकलं.

"वार पुरली नाई? कोणाले नेऊन देली? करणी केली तू!"

गोविंदसिंगने तिला हाताला धरून ओट्यावरून उतरवलं. ती चुकीचं बोलली तेव्हा साऱ्यांनी मान डोलावली, खरं बोलली तर चेटकीण ठरली. मला आजही चीड येते.

रुपाबाईने दाराआडून सारं ऐकलं होतं. माहेरी निघाली त्या दिवशी ती लिलाबाईच्या दारात थांबली. सूज उतरली होती, नुसती हाडं उरली होती.

"म्हंजे मी लेकराचं खाल्लं नाई?"

"नाई, पोरी."

"मंग मले उपाशी कायले ठेवलं, मावशी?"

लिलाबाईने टोपल्यातली अख्खी भाकरी काढून पुढे केली. रुपाबाईने ती मोडली, अर्धी परत टोपल्यात ठेवली आणि एसटी धरायला गेली.