बारीकसारीक धरून

फोन उचलला की माणसं 'जेवलास का' विचारतात. माझी थोरली बहीण, आक्का, एकच शब्द विचारते, "किती?" म्हणजे या आठवड्यात फिट किती आल्या. मी आकडा सांगितला की दुसरा प्रश्न ठरलेला, "बारीकसारीक धरून?"

मला सातव्या वर्षापासून फिट येतात. गोळ्या बदलल्या, डॉक्टर बदलले, आईनं गावाकडं, नेसरीच्या घरी नवस केले, पण फिट हटली नाही. औषधाला दाद न देणारा प्रकार असतो, त्यातला मी. लहानपणी मी पडलो की शेजारी चप्पल हुंगवायला धावायचे. शाळकरी आक्का दारात आडवी उभी राहून ओरडायची, "चप्पल पायात घाला आन् घरला जावा!" हीच पोरगी पुढं शिकत शिकत कोल्हापुरात संशोधक झाली. आमच्या भावकीत तोवर कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. आजही कुणी विचारलं तर मी माझ्या आधी तिचंच नाव सांगतो.

तिचं काम उंदरांवर होतं. फिट येणाऱ्या उंदराच्या मेंदूत, जिथं गडबड सुरू होते तिथंच, ती स्टेम सेल सोडायची. या पेशी तिनं अशा घडवलेल्या, की त्या तिथंच बसून फिट शांत करणारं औषध तयार करायच्या. मला तिनं समजावलं ते असं, "तुजी गोळी म्हंजे सगळ्या रानात पाणी सोडल्यागत. पायजे तिथं थेंबभर पोचती. ह्ये ठिबक हाय. मुळाशी." ऊसवाल्याच्या पोराला आणखी काय सांगायला लागतंय!

कोल्हापुरातच मंगळवार पेठेत माझं शिलाईचं दुकान आहे. एक दिवस आक्का लॅपटॉप घेऊन तिथं आली. उंदरांच्या व्हिडिओतल्या फिट दोन माणसांनी वेगवेगळ्या मोजायच्या होत्या. एक ती, दुसरा तिनं मला धरला. काही उंदरांना पेशी दिलेल्या, काहींना तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, हे आम्हां दोघांनाही माहीत नव्हतं. यादी बंद पाकिटात, तिच्या सरांच्या कपाटात.

शिकवायला म्हणून तिनं पहिला व्हिडिओ लावला, आणि त्या उंदराला फिट आली. जन्मभर मला फिट येते, पण मी फिट कधी पाहिलीच नव्हती, ती मला नेहमी लोकांकडून कळायची. मला रडू आलं. आक्कानं पाठीवर हात ठेवला. "असंच असतंय. घाबरू नगंस," म्हणाली आणि पुढचा व्हिडिओ लावला.

मग मी माती खाल्ली. चार नंबरचा उंदीर गुबगुबीत, शांत. माझ्या मनानं घेतलं, यालाच पेशी दिल्यात. हा बरा होणार, आणि मग मीही. त्याची मान जरा उडाली, मिशा थरथरल्या, की मी सोडून द्यायला लागलो. हॅट, एवढ्याला काय फिट म्हणायचं! महिनाभर हेच. शेवटी आक्कानं आमच्या दोघांच्या मोजणीच्या वह्या शेजारी ठेवल्या, तर चार नंबरच्या फिट तिच्या वहीत कितीतरी जास्त.

"गिऱ्हाइकाची कंबर छत्तीस भरली, तर त्येला बरं वाटावं म्हणून चौतीस लिवतोस व्हय रं?"

"न्हाय."

"मग ही कुणाची पँट शिवायलाईस?"

तिनं माझी अख्खी मोजणी रद्द केली. मी भडकलो. "माज्यासाठीच करतीस न्हवं ह्ये सगळं? मग घाल की त्या पेशी माज्या डोक्यात!"

"तुज्यासाठी करतोय म्हणूनच घालत न्हाय. उंदराला लागू पडलं म्हंजे माणसाला पडंल असं न्हाय. आन् माणसाची पाळी आली, तर रांगेत उभा ऱ्हा. बहीण आत हाय म्हणून मागच्या दारानं यायचं न्हाय."

आठ दिवस मी तिच्याशी बोललो नाही. पण सगळे व्हिडिओ पुन्हा मोजले. मिशीची थरथरसुद्धा लिहिली.

पाकीट फुटलं. चार नंबरला मिठाचं पाणी होतं! पेशी दिल्या होत्या त्या नऊ नंबरच्या खडूस उंदराला आणि त्याच्या जोडीदारांना, आणि त्यांच्या फिट खरोखर कमी झाल्या होत्या, दोन्ही वह्यांत. माझी पहिली वही धरली असती तर पाणीवाल्या चार नंबरच्याही फिट कमी दिसल्या असत्या, आणि पेशीवाले आणि पाणीवाले जवळजवळ सारखेच वाटले असते. आक्काची इतक्या वर्षांची मेहनत मीच, तिच्या लाडक्या भावानं, पाण्यात घातली असती.

पुढच्या कामासाठी आक्का आता बंगळूरला गेली आहे. माणसांची पाळी अजून आलेली नाही. मी अजून गोळ्याच घेतो.

गेल्या रविवारी मी दुकानात असताना तिचा फोन आला. त्या आठवड्यात दोन मोठ्या फिट आल्या होत्या, त्या बायकोनं लिहून ठेवल्या होत्या. शिवाय तीनदा हातातली कात्री आपोआप सुटली होती, ते फक्त मला माहीत होतं. तिचा आवाज थकलेला होता. दोन म्हणावं, तिला तेवढंच बरं वाटेल, असं जिभेवर आलंच होतं.

"किती?"

"पाच."

"बारीकसारीक धरून?"

"बारीकसारीक धरून."

तशी ती दुकानातल्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "शाब्बास रं माज्या वाघा!"