एक अक्षर की तीन

आर्मां तेसेद्रला गास्पार लोर्मोचा हेवा वाटायला लागला तो विसाव्या वर्षी, पॅरिसच्या वसतिगृहात, आणि मग तो हेवा मुक्कामालाच राहिला.

आर्मां मिय्यो गावचा. आई कातड्याचे हातमोजे शिवायची. शिष्यवृत्तीवर शिकत शिकत पोरगा पॅरिसला पोचला. गास्पार डॉक्टरचा मुलगा. दोघांनी एकाच मास्तरांच्या हाताखाली ग्रीक-लॅटिन केलं आणि विषयही एकच धरला: ग्रीक-रोमन काळची साधी माणसं चांगलं कशाला म्हणायची, वाईट कशाला, लाज कशाची वाटायची त्यांना. तत्त्वज्ञांचं सोडा, पाववाले, दाया, सुटका झालेले गुलाम. आर्मां त्यासाठी थडग्यांवरचे लेख वाचायचा, कोर्टातली भाषणं, शिव्याशाप, सगळं. गास्पार त्यातला एखादाच लेख वाचायचा आणि जेवणाच्या टेबलावर तो असा सांगायचा, की वाढणारी बाईसुद्धा थांबून ऐकायची. आर्मांला तेव्हापासून वाटायचं, आपण विहीर खणायची आणि पाणी याने प्यायचं.

पुढे आर्मां माँपेलिएला शिकवायला लागला. सोलांजशी लग्न झालं. त्याचा मोठा ग्रंथ वर्षानुवर्षं वाढत राहिला, संपेना. गास्पारने मधल्या काळात एक पातळसं पुस्तक लिहिलं आणि ते घरोघरी गेलं. रेडिओवर त्याचा आवाज यायला लागला. माँपेलिएच्या न्हाव्याने आर्मांची दाढी करता करता विचारलं, तुम्हीही त्याच विषयातले ना, मग लोर्मोसाहेबांना ओळखत असाल? घरी येऊन बघतो तर सोलांज स्वयंपाकघरात तेच पुस्तक वाचत एकटीच हसत होती.

"इतकं काय आहे त्यात?" त्याने विचारलं.

"काही नाही. छान लिहिलंय."

"छान लिहिणं सोपं असतं."

"मग लिही की," ती म्हणाली आणि पान उलटलं. आर्मां त्या रात्री जेवला नाही. पोट बरं नाही म्हणाला. कुठलं पोट दुखतंय ते सोलांजला ठाऊक होतं.

गास्पारच्या पुस्तकातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण हेव्यावरचं होतं, आणि ते उभं होतं नार्बोन गावच्या एका दगडावर. तिथल्या जुन्या पडीक चर्चमध्ये रोमन काळचे दगड एकावर एक रचून ठेवलेत, त्यात एका पाववाल्याच्या थडग्याचा दगड आहे. त्यावरच्या लॅटिन लेखातल्या शेवटच्या शब्दाची पहिली तीन अक्षरं शाबूत, पुढचा पापुद्रा उडालेला. तिथे आणखी तीन अक्षरं धरली तर अर्थ होतो, 'याने कुणाचा हेवा केला नाही.' एकच धरलं तर होतो, 'याचा हेवा कुणी केला नाही.' गास्पारने तीन धरली होती. दिवसभर भट्टीपुढे घाम गाळणारा आणि कुणावर न जळणारा तो पाववाला वाचकांच्या मनात घर करून बसला होता.

आर्मां खास तो दगड बघायला गेला. खिडकीतून तिरपं ऊन येईपर्यंत थांबला आणि कडेपर्यंतचं अंतर दोरीने मोजलं. तीन अक्षरं बसत होती. दाटीवाटीने, पण बसत होती. तो खट्टू होऊन परतला आणि हे कुणालाच बोलला नाही.

त्यानंतर पॅरिसच्या एका विद्यापीठात मोठी जागा निघाली. गास्पारने अर्ज केला, आणि निवड समितीत बाहेरचा जाणकार म्हणून आर्मांला बोलावणं आलं. गास्पारने फोन केला. म्हणाला, "म्हाताऱ्या, तू आहेस म्हटल्यावर मी निवांत झोपणार." म्हाताऱ्या म्हणायची त्याची वसतिगृहातली सवय. आर्मांला ती कधीच आवडली नव्हती.

समितीत सगळे गास्पारच्या बाजूने झुकले होते. आर्मांची पाळी आली तेव्हा त्याने आधी मित्राची स्तुती केली, आणि मग म्हणाला की एका दगडाबद्दल मात्र सांगायला हवं. अध्यक्षबाई वयस्कर होत्या, कडक होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलाय?"

"पाहिलाय. मोजलाय. तीन अक्षरं बसत नाहीत."

एवढंच. बाईंनी पेनाचं टोपण लावलं. म्हणजे लोर्मोंनी दगड बघितलेलाच नाही, असं त्यांनी धरलं, आणि आख्खं प्रकरण न बघितलेल्या दगडावर रचणारा माणूस त्यांना चालणार नव्हता. जागा लील गावच्या एका तिसऱ्याच माणसाला गेली. परतीच्या गाडीत आर्मांला वाटलं होतं की आता बरं वाटेल. बरं वाटलं, पण अर्ध्या वाटेवरच्या लियोंपर्यंतच.

समितीतलं बोलणं बाहेर फुटायला कितीसा वेळ लागतो? शरद ऋतूत गास्पार माँपेलिएला येऊन धडकला. सोलांजसाठी केकचा डबा, चेहऱ्यावर तेच हसू. आता हा भांडेल म्हणून आर्मां वाट बघत राहिला. गास्पार भांडला नाही. म्हणाला, "तो दगड मी खरंच बघितलेला नाही रे. छापील चित्रावरून लिहिलं. चल, दाखव मला."

नाही कसं म्हणणार? दोघं नार्बोनला गेले. चर्चमध्ये गारठा होता. गास्पार गुडघ्यांवर बसला आणि उडालेल्या जागेवर बोट ठेवून सावकाश कडेपर्यंत नेलं. मग पुन्हा एकदा. आर्मां खिशात हात घालून मागे उभा होता.

"जागा आहे, आर्मां," गास्पार दगडाकडेच बघत म्हणाला. आज म्हाताऱ्या म्हणाला नाही.



"मी न बघता लिहिलं," गास्पार उठला, गुडघे झटकले. "तू बघून खोटं बोललास. त्यातलं जास्त वाईट कोणतं, ते तूच ठरव, विषय तुझा आहे. चल, भूक लागलीय."

दोघांनी कालव्याकाठच्या खाणावळीत शिंपल्यातली कालवं खाल्ली. गास्पारने खाणावळवालीला हसवलं. परतताना बसमध्ये तो झोपला. त्या दिवसाबद्दल तो पुढे कुणाजवळ चकार शब्द बोलला नाही, आणि आर्मांला तेच फार खुपलं. पॅरिसहून कुणी आलं की तो कान टवकारायचा; आता कळलं असेल, आता हा तोंड फिरवील. कुणीच फिरवलं नाही. आता त्याला गास्पारच्या वाणीबरोबर मनाच्या मोठेपणाचाही हेवा वाटायला लागला, आणि तो पहिल्यापेक्षा जड होता.

अखेर ग्रंथ पुरा झाला. नार्बोनचा दगड त्यात येणं भागच होतं. त्या एका पानावर त्याने पुरा उन्हाळा काढला. सोलांजने एकदा विचारलं तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. वाटाणे सोलता सोलता ती म्हणाली, "मग लिही तसं." त्याने लिहिलं: लोर्मो यांचं वाचन बरोबर असावं, मी ते एका निवड समितीपुढे चूक ठरवलं होतं, आणि तसं म्हणण्याचा मला अधिकार नव्हता.

अध्यक्षबाईंनी त्यानंतर त्याच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही. कुठल्याही समितीवर त्याला पुन्हा बोलावणं आलं नाही. त्याबद्दल त्याने कधी कुरकुर केली नाही.

गास्पारचा फोन आला तो रविवारी, जेवणाच्या वेळी. 'असावं' कशाला, 'आहे' लिहायला हात दुखत होता का, असं विचारून तो खूप हसला. फोन ठेवून आर्मां टेबलाशी आला तेव्हा सोलांजने त्याचा चेहरा बघितला.

"काय म्हणाला?"

"त्याचं पुस्तक इटालियनमध्ये जातंय."

"आणि तुझ्या पानाबद्दल?"

"खूश होता."

तिने सूप वाढलं. मान वर न करता त्याने ते संपवलं, पावाने ताटली पुसली.

"ईस्टरला बोलवू या त्याला," तो म्हणाला.

"बोलव. म्हणजे तो गेल्यावर आठवडाभर तू माझं डोकं खाणार."

"खाईन," आर्मां म्हणाला. "तरी बोलवू."