ढगात भिजलेला थर्मामीटर

कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला अजून चीड येते. त्या वर्षी संशोधनाच्या विमानातून आम्ही ढगांमधलं तापमान मोजत होतो. नेमके माझ्या गावावरच्या, केळझरवरच्या ढगात शिरलो आणि विमानाबाहेरचा थर्मामीटर भिजला. ओला झाला की तोही वाळ्यासारखा उगाच गार पडतो आणि खोटं सांगतो. सगळे आकडे वाया!

उतरल्यावर आईचा फोन आला. "आपल्या गावाच्या वर किती थंड होतं रे? इथं खाली तर जीव चालला."

"सांगता येत नाई, आई. थर्मामीटर ओला झाला."

"एवढं मोठं विमान घेऊन गेलता, अन् पुसाले फडकं नाई नेलं काय बापा?"

आई जाऊन वर्षं झाली, उपकरणंही बदलली. पण ढगात ती अजून भिजतातच, आणि पुसायला फडकं अजूनही कुणी नेत नाही.